कीट्सच्या नाइटिंगेलमधली आठवी ओळ एवढीशी का?

इंग्रज कवी जॉन कीट्सची 'ओड टु अ नाइटिंगेल', म्हणजे नाइटिंगेल या गाणाऱ्या पक्ष्यावरची कविता, वाचायला घेतली की बऱ्याच जणांना हा प्रश्न पडतोच. आठ कडवी, प्रत्येकात दहा ओळी, त्यातल्या नऊ ओळी साधारण दहा-दहा अक्षरांच्या आणि आठवी मात्र जेमतेम सहाची (इथे अक्षर म्हणजे इंग्रजी उच्चारातलं सिलेबल, देवनागरीत लिहिलेलं अक्षर नव्हे). छापताना काही गळलंय की काय असं वाटतं, पण तसं काही नाही, त्या एका आखूड ओळीमागे दीडशेक वर्षांचा इतिहास आहे आणि तो माहीत असला की कवितेचा अर्थही जास्त नीट लागतो.

सुरुवात इंग्रज कवी अब्राहम काउलीपासून करावी लागते. १६५६ मध्ये त्याने ग्रीक कवी पिंडारच्या धर्तीवर ओड लिहिल्या, म्हणजे कुणाला किंवा कशाला तरी उद्देशून केलेल्या भारदस्त कविता. पिंडारची मूळ रचना तीन-तीन कडव्यांच्या गटांची आणि खूप काटेकोर होती, काउलीने ती शिस्त सोडली आणि लांब-आखूड ओळींची मोकळीक तेवढी घेतली. मग काय, त्याच्यामागून इतरांनीही तेच केलं, १७०६ मध्ये विल्यम काँग्रीव्हने 'अहो, पिंडार असा नव्हता' हे समजावून सांगितलं तरी मोकळ्या ओळींची ओड काही बंद पडली नाही.

निसर्गकवितेत हे लांब-आखूड ओळींचं हत्यार खरं कामी आलं ते विल्यम कॉलिन्सच्या संध्याकाळवरच्या ओडमध्ये, १७४६ साली. दोन लांब ओळी, मग दोन आखूड, आणि यमक अजिबात नाही. मला ही फार मोठी पायरी वाटते, कारण इथे आखूड ओळ जोशात येऊन तुटत नाही, ती ठरलेल्या जागी येते आणि आवाज खाली आणते. नंतर वर्ड्‌स्वर्थची अमरत्वावरची ओड, १८०७ ला छापलेली. तिच्या पहिल्याच कडव्यात 'बाय नाइट ऑर डे' ही चार अक्षरांची ओळ आणि लगेच खाली बारा अक्षरांची, की जे पूर्वी दिसायचं ते आता दिसत नाही. हरवल्याची जाणीव त्या लांबलेल्या ओळीत आहे, ती दहात कापली असती तर वाक्य राहिलं असतं पण हळहळ गेली असती.

हे सगळं कीट्सच्या समोर होतं. १८१९ च्या वसंतात तो सॉनेटवर, म्हणजे चौदा ओळींच्या ठरलेल्या यमकांच्या कवितेवर, प्रयोग करत होता, त्यातूनच दहा ओळींचं कडवं निघालं, वरच्या चार ओळींची यमकं शेक्सपिअरच्या सॉनेटसारखी आणि खालच्या सहांची इटालियन कवी पेट्रार्कच्या सॉनेटसारखी. लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या घराशेजारी नाइटिंगेलने घरटं केलं होतं, एका सकाळी तो खुर्ची उचलून झाडाखाली दोन-तीन तास बसला आणि कागदाचे चार-पाच कपटे घेऊन आत आला, अशी आठवण त्याचा मित्र चार्ल्स ब्राउनने लिहून ठेवलीय. भाऊ टॉम क्षयाने जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

आता चौथं कडवं बघा. कवी कल्पनेच्या पंखांवर पक्ष्यापर्यंत पोचलाय, रात्र कोमल आहे, चंद्रराणी ताऱ्यांच्या घोळक्यात सिंहासनावर बसलीय, ओळी भरभरून वाहतायत, आणि आठवी येते, 'बट हिअर देअर इज नो लाइट', पण इथे उजेड नाही. सहा अक्षरं आणि तो जमिनीवर. आपल्या मराठी कानाला हे परकं वाटायचं कारण नाही, मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा असे तीन चरण झाले की चौथा चारच अक्षरांचा येतो आणि सगळा भार तिथेच पडतो. फरक एवढाच की अभंगात तो शेवटी येतो आणि कीट्सकडे त्याच्या नंतर अजून दोन लांब ओळी आहेत, म्हणजे खाली आल्यावरही बोलणं संपत नाही, त्याच अंधारात चाचपडत पुढचं पाचवं कडवं सुरू होतं. सगळ्याच कडव्यांत या ओळीचं वजन सारखं नाही हेही खरं, सातव्यात ती नुसती वाक्य पुढे नेते.

मग त्याने ही ओळ सोडूनच दिली. त्याच्या 'ग्रीशियन अर्न' (ग्रीक कलश) आणि 'मेलंकली' (खिन्नता) यांवरच्या ओडमध्ये ती नाही, आणि १९ सप्टेंबर १८१९ ला विंचेस्टरला लिहिलेल्या 'टु ऑटम'मध्ये तर उलटंच, आखूड ओळ नाहीच आणि कडवं दहाऐवजी अकरा ओळींचं. वाढीव ओळीमुळे शेवटाच्या आधी एक यमकाची जोडी येते आणि कडवं संपायला लांबतं. पहिल्या कडव्यात त्याच जागी मधमाशा आहेत, त्यांना वाटतंय ऊबदार दिवस संपणारच नाहीत!

थांबायचं काम आता ओळीची लांबी करत नाही, ओळीचं टोक करतं. दुसऱ्या कडव्यात शरद ऋतू सरवा वेचणाऱ्या बाईसारखा डोक्यावर भार घेऊन ओढा ओलांडतोय, तिथे 'कीप' हा शब्द एका ओळीच्या टोकाला आहे आणि 'स्टेडी' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. मोठ्याने वाचलं तर त्या दोन शब्दांच्या मधे क्षणभर तोल सांभाळावाच लागतो, आणि दोन्ही ओळी पूर्ण दहा अक्षरांच्याच आहेत.