नाद (सातारा-सांगलीकडील बोलीतला शब्द)

नाद (पुल्लिंगी नाम) हा सातारा आणि सांगली जिल्ह्यांत उठता-बसता कानावर पडणारा दोन अक्षरी शब्द. आवाज, छंद, व्यसन, भानगड, खोडी, आव्हान, ताकीद आणि तोंडभर कौतुक, एवढ्या सगळ्यांना तो एकटा पुरतो. मूळ शब्द प्रमाण मराठीतलाच आहे, पण कृष्णाकाठच्या बोलीने त्याला जे राबवून घेतले आहे ते पुणे-मुंबईकडे दिसत नाही. कोल्हापूरकर त्यावर आपला हक्क सांगतात. तो वाद इथे घेतलेला नाही.

मूळ अर्थ

संस्कृत ‘नद्’ म्हणजे आवाज करणे. त्यावरून नाद म्हणजे ध्वनी. संगीतशास्त्रात आघाताने उमटणारा तो आहत आणि योग्यांना आतून ऐकू येतो तो अनाहत, असे दोन प्रकार मानतात. ध्वनीवरून ओढीकडे अर्थ कसा वळला याचा माग जुन्या कवितेत लागतो. सुरांना भुलून पारध्याच्या हाती सापडणारे हरीण हा तिथला नेहमीचा दाखला. आधी आवाजाची ओढ, मग कशाचीही ओढ, आणि तिच्यात नुकसान आधीच गृहीत धरलेले. आजच्या बोलीतल्या जवळजवळ सगळ्या छटा या शेवटच्या गृहीतकातून निघाल्या आहेत.

निखळ ध्वनी हा अर्थ बोलीत मागे पडला असला तरी मिरजेत तो कामाचा शब्द आहे. सतार आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांचे हे गाव. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्ये दुरुस्त करायला घेतली आणि पुढे ती घडवू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा नाद भोपळा, लाकूड आणि तारा यांवर अवलंबून असतो हे खरे, पण तो उघडतो जवारीने, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीच्या माथ्याच्या घडणीने. घोडीचा माथा दिसायला सपाट असला तरी त्याला अगदी सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि आवाजाला झांज येते. ती जागा नेमकी पकडण्यासाठी तार आणि घोडी यांच्या मध्ये सुती दोरा घालतात, त्याला जीवा म्हणतात. तार आधी सुरात लावायची, मग ती छेडत राहून दोरा केसाएवढा पुढे-मागे सरकवायचा. एका ठिकाणी आवाज एकदम भरून फुलतो. तिथेच थांबायचे. दोरा त्या जागेच्या अलीकडे राहिला तर आवाज मुका, पलीकडे गेला तर नुसती खरखर. तार नंतर चढवली-उतरवली की जागा हलते, म्हणून जीवा सगळ्यात शेवटी. चार तारांपैकी पहिली मंद्र पंचमाची, मधली जोडी षड्जाची आणि चौथी खर्जाची (खालच्या षड्जाची); खर्जाची तार पितळी असते आणि जीवा बसवताना बहुधा तीच सगळ्यात जास्त दमवते. घोडी वर्षानुवर्षे झिजून तिच्यावर तारांचे चरे पडले, तर दोरा कुठेही ठेवला तरी उपयोग होत नाही. मग जवारी नव्याने घासून घ्यावी लागते.

असा मोकळा आवाज देणाऱ्या जवारीला खुली जवारी म्हणतात. एकाच शहरात वाद्यांच्या दुकानात ‘नाद खुला’ आणि दुकानाबाहेरच्या रिक्षावर ‘नाद खुळा’. दोन्ही कौतुकच.

ओढ, छंद, व्यसन

‘त्याला बैलांचा नाद आहे’ यात ज्याला ओढ आहे तो ‘-ला’ घेतो आणि जिची ओढ आहे ती गोष्ट ‘-चा’ घेते. नाद असतो, लागतो, जडतो, सुटतो. घरचे तो पुरवतात किंवा सोडवतात.

छंद आणि नाद यांतला फरक खिशाचा आणि वेळेचा आहे. छंद बायोडेटात लिहिता येतो. नाद लिहीत नाहीत, तो गावाला आधीच माहीत असतो. वाचनाचा छंद असतो, पण जेवणाचे ताट समोर असताना पुस्तक खाली ठेवत नसेल तर ‘वाचायचा नाद लागलाय पोराला’. शौक नादाच्या जवळचा, पण त्यात ऐपत दिसते. नादाला ऐपत असावीच लागते असे नाही, आणि बहुतेक कटकट तिथूनच सुरू होते.

या भागातले मान्यताप्राप्त नाद ठरलेले आहेत: खिलार बैल, कुस्ती, तमाशा, कबुतरे. पैलवानकीच्या नादाला तर अभिमानाची किनार आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले तेव्हापासून, पोराला तालमीचा नाद लागला म्हणून निदान सातारा जिल्ह्यात तरी कुणी फारशी तक्रार करत नाही. तक्रार होते ती खुराकाच्या खर्चाची.

बैलांचा नाद मात्र उघड तोट्याचा. शर्यतीचे खोंड नांगराला जुंपत नाहीत, त्यामुळे ते शेतीचे काहीच काम करत नाहीत. त्यांना पेंड, भरडा आणि दूध लागते आणि रोज फेर द्यायला एक माणूस बांधलेला राहतो. शर्यतीचे गट दातांवरून पडतात: आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेला, दुसा म्हणजे दोन दात आलेला. जनावर वरच्या गटात गेले की जुना जोडीदार जुळत नाही आणि पुन्हा खरेदी. खटाव तालुक्यातील पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा आणि आटपाडी तालुक्यातील खरसुंडीचा खिलार बाजार ही या नादाची जुनी ठिकाणे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यती बंद केल्या, राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या साडेसात वर्षांत शर्यत नव्हती तरी गोठ्यातले बैल कित्येकांनी विकले नाहीत. छंद आणि नाद यांतला फरक दाखवायला एवढे उदाहरण पुरे.

कशाचा ते न सांगता नुसते ‘त्याला नाद आहे’ म्हटले, तर ऐकणारा दारू किंवा बाई यांपैकी एक समजतो. स्थळाची चौकशी करताना म्हणूनच प्रश्न मोघम ठेवतात: “पोराला काय नादबिद?” इथे ‘बिद’ मुद्दाम जोडलेले असते, म्हणजे समोरच्याला नाव न घेता उत्तर देता येते. “तसला कसला न्हाई” हे उत्तर पक्के. “बैलांचा हाय थोडा” या उत्तरावर मुलीचे वडील जमिनीचे क्षेत्र पुन्हा एकदा विचारतात.

आव्हान आणि ताकीद

‘नाद करणे’ इथे खरी गाठ आहे, कारण ‘-चा’ दोन्हीकडे तोच राहतो. ‘बैलांचा नाद करायचा म्हंजे पैसा पायजे’ यात हौस आहे. ‘आमचा नाद करू नगंस’ यात भांडण आहे. करणे या क्रियापदाआधी जनावर, वस्तू किंवा खेळ आला तर हौस, माणूस आला तर कुरापत, एवढा नियम बहुतेक वेळा पुरतो. माणसापुढे ‘लागणे’ आले की तिसरेच: ‘त्याला तिचा नाद लागलाय’ हे प्रेम, पण घरच्यांना मान्य नसलेले.

‘नाद करायचा न्हाय’ हे वाक्य ताकीद म्हणून उभे राहते आणि बढाई म्हणूनही. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर, गणेश मंडळाच्या टी-शर्टवर, कुंडलच्या कुस्तीच्या मैदानाला निघालेल्या जीपच्या काचेवर ते असते. त्यात कर्ता नाही, कुणाचा नाद ते नाही, कुणाला म्हटले ते नाही. म्हणूनच ते कुठेही चिकटवता येते आणि कुणालाच लागत नाही. तेच वाक्य समोरासमोर, माणसाकडे बघून, ‘माझा’ लावून म्हटले की बाह्या वर होतात.

वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर ‘तुमचा नाद’ म्हणत नाहीत. कौतुक करायचे असले तरी ते तिऱ्हाइतासारखे करतात: आबा शेजारी बसलेले असताना बाकीच्यांकडे बघून “आबांचा नाद करायचा न्हाय कुणी.” आबा हसतात, निदान मिशीत.

नादाला लागणे, नादी लावणे

‘त्याच्या नादाला लागू नको’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि ते उलट दिशांचे आहेत. एक, त्याची संगत धरू नको, तो तुला बिघडवील. दोन, त्याच्याशी वाकड्यात शिरू नको, तो तुला भारी पडेल. पहिला बहुधा आई मुलाला सांगते, दुसरा गावकरी बदलून आलेल्या साहेबांना. साहेब पहिला अर्थ घेतात आणि “मी कशाला त्याच्या संगतीला जातोय?” म्हणून विषय सोडून देतात, त्यांना इशारा दिला होता हे पुढे कळते.

‘नादी लावणे’ मध्ये जुनी सप्तमी गोठून राहिली आहे. रडणाऱ्या पोराला खुळखुळा दाखवून नादी लावतात, देणेकऱ्याला ‘उद्या या’ म्हणून नादी लावतात. यात वेळ काढणे मुख्य, वाईट हेतू असेलच असे नाही. ‘नादी भरवणे’ मध्ये तो असतो.

-च्या नादात

ही छटा वर्तमानपत्रांनी राज्यभर नेली. ओव्हरटेक करण्याच्या नादात, रील काढण्याच्या नादात, आणि पुढे अपघात. घरात: ‘बोलायच्या नादात दूध उतू गेलं.’ रचना नेहमी दोन भागांची, आणि दुसऱ्या भागात नुकसान हवेच. ‘अभ्यासाच्या नादात पहिला आला’ असे कुणी म्हणत नाही. म्हटले तर थट्टेत. अभ्यासाच्या नादात जेवायचे राहते, एसटी चुकते.

नाद खुळा

खुळा म्हणजे वेडा. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते, त्यामुळे ‘खुळा नाद’ ही सरळ निंदा: पैसे घालवणारे, अर्थ नसलेले वेड. तेच शब्द उलटे केले की ‘नाद खुळा’, आणि ती या बोलीतली मोठी शाबासकी होते. शब्दांची अदलाबदल करून निंदेची स्तुती झाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण या भागात दुसरे सापडणे कठीण.

स्तुतीच्या अर्थाने ते गोठलेले आहे, लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. ‘भाकरी नाद खुळा झालीया’, ‘पोरी नाद खुळा खेळल्या’. इथे खुळी, खुळ्या केले की बोलणारा बाहेरचा हे लगेच कळते. लिहिताना काही जण एकत्र ‘नादखुळा’ करतात. तसे केल्यावर तो माणसालाही लावता येतो: ‘त्यो लय नादखुळा गडी हाय.’ पण ‘तो नाद खुळा आहे’ असे सावकाश, पुस्तकी उच्चारात म्हटले तर ती पुन्हा निंदा वाटू लागते. कौतुकात ‘ना’ लांबवतात (नाऽद), ताकिदीत तो आखूड राहतो आणि जोर ‘करायचा’ वर जातो.

अलीकडे नुसते ‘नाद!’ एवढेच उद्गारतात. षटकार, मिसळीचा कट, नवी बुलेट, काहीही चालते. अर्थ पातळ झाल्याची जुन्या लोकांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. सगळ्यालाच नाद म्हटल्यावर ज्याने बैलांसाठी खरोखर जमीन विकली त्याला काय म्हणायचे हा प्रश्न उरतो.

बाहेरच्यांच्या नेहमीच्या चुका

सगळ्यात जास्त चूक होते ती ‘नाद करतोस काय?’ या प्रश्नाची. ओळखीच्याने हसत, खांद्यावर हात टाकून म्हटले तर ‘वा रे पठ्ठ्या’. अनोळखी माणसाने गाडी आडवी लावून म्हटले तर तो प्रश्न नसतो आणि त्याला उत्तर द्यायचे नसते. दुसरी चूक, ‘नाद सोड’ हा सल्ला समजणे. तो बहुतेक वेळा निकाल असतो: ‘त्या प्लॉटचा नाद सोड’ म्हणजे व्यवहार दुसऱ्याशी झाला. तिसरी, ‘काय नाद लावलायस?’ याला छंदाची चौकशी समजून उत्तर देणे. एकच गोष्ट सतत बोलून वा करून तू डोके उठवले आहेस, एवढाच त्याचा अर्थ.

सारखे दिसणारे शब्द

नादी आणि नादिष्ट (छांदिष्ट, नाद असलेला) आणि नादावणे (भुलणे) हे याच घरातले. ‘नादार’ मात्र फारसीतून आलेला, म्हणजे पैसा नसलेला. शाळेच्या फीमाफीतली ‘नादारी’ त्याच्यावरून, नादापायी आलेली नव्हे. नाटकाच्या आरंभीची ‘नांदी’ आणि सासरी ‘नांदणे’ हे आनंद देणाऱ्या ‘नन्द्’ धातूचे. बोलताना अनुस्वार गळतो, आणि ‘पोरगी नांदायला गेली’ व ‘पोरगी नादाला गेली’ यांत जेमतेम एका ‘य’चा फरक राहतो. फोनवर निरोप देताना अनुस्वार स्पष्ट उच्चारलेला बरा.