लेप पोटावर नव्हे, कुशीवर पडलेली असते

लेप मासळीची तपकिरी बाजू म्हणजे पाठ आणि पांढरी बाजू म्हणजे पोट, असे कोकणच्या बंदरांवर सर्रास सांगितले जाते आणि त्याच आधारावर तिला पाकट या चपट्या माशाच्या गोतावळ्यात बसवले जाते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पाकट खरोखरच वरून खाली चपटे असते. त्याच्या कल्ल्यांच्या पाच जोड फटी खालच्या अंगाला असतात आणि सांगाडा कूर्चेचा असतो. लेप मात्र हाडांची मासळी असून तळाच्या वाळूत ती उजव्या कुशीवर पडून राहते. ताजी लेप हातात घेतली, तर कल्ल्याचे एक झाकण तपकिरी आणि दुसरे पांढऱ्या बाजूला आढळते, तोंड वाकडे दिसते, आणि साफ करताना आतडी निघतात ती डोक्यालगतच्या कडेपाशी; खरे पोट तेच. पिलाचे डोळे सुरुवातीला इतर माशांप्रमाणेच दोन बाजूंना असतात, पुढे उजवा डोळा डावीकडे सरकतो.

भाकस हा तिचा दूरचा नातलग. त्याचे डोळे मात्र उजवीकडेही असू शकतात. त्याचे तोंड मोठे व दातेरी, शेपटी सुटी. लेपेचे पर टोकदार शेपटीला जोडलेले. लेपेच्या जाती मात्र रंगावरून ओळखण्याचा अट्टाहास करू नये, कारण रंग फसवा असतो. त्यासाठी डोळ्यांच्या बाजूवरील पार्श्वरेषा (अंगावर लांबीने जाणाऱ्या रेघा) दोन आहेत की तीन, हे मोजावे आणि खवल्यांचा आकार पाहावा.