बोटाची जखम आणि नळातला दाब

२७ जुलै २००५. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई पाण्याखाली गेली होती. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर, बॉम्बे हायच्या समुद्रात, 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची दोन बोटं कापली गेली. त्याला उपचारासाठी जवळच्या तेल प्लॅटफॉर्मवर पोचवायचं ठरलं. समुद्र खवळलेला असला की जहाज वाऱ्याच्या आडोशाला लावायचं असतं. पण त्या बाजूची क्रेन बंद होती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने आत आलं. जखमीला टोपलीत बसवून क्रेनने सुखरूप वर घेतलं. मग जहाज बाजूला होताना लाटेने उचललं गेलं आणि त्याचं हेलिपॅड प्लॅटफॉर्मच्या रायझरवर आदळलं.

समुद्रतळावरची पाइपलाइन ज्या उभ्या नळातून प्लॅटफॉर्मवर चढते, तो रायझर. तो फुटला आणि बाहेर पडलेल्या वायूने पेट घेतला. घरात गॅस गळत असेल तर आपण रेग्युलेटर बंद करतो आणि प्रश्न मिटतो. इथे वरचा व्हॉल्व्ह बंद केला तरी फूट त्याच्या खाली असते, आणि त्या फुटीमागे लांबच लांब पाइपलाइनमध्ये वायू दाबाने कोंडलेला असतो. तो सरेपर्यंत जाळ विझत नाही. आगीत पोलाद वितळावं लागतच नाही. ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते, आणि अशा वायूची ज्वाला १००० अंशांच्या वर जाते. सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. २२ जण गेले. भर पावसाळ्यातल्या त्या समुद्रातून ३६२ जणांना वाचवलं, हे माझ्या मते आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं.

या घटनेतली एक गोष्ट मला सोडत नाही. कापलेल्या बोटाची नोंद कुठल्याही तेल कंपनीत होते: कुणाला लागलं, किती लागलं, किती दिवस काम बुडालं. पण एखादं जहाज रायझरच्या हातभर अंतरावरून सुखरूप निघून गेलं, तर? कुणाला खरचटलंही नाही, तर ते कोण लिहून ठेवणार? या क्षेत्रातले लोक त्याला 'निअर मिस' म्हणतात. आपण म्हणतो, थोडक्यात टळलं, आणि चहा घेऊन पुढच्या कामाला लागतो.

मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी हेच फार भयंकर रीतीने दिसलं. 'डीपवॉटर होरायझन' या समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर सलग सात वर्षं कुणाचाही कामाचा दिवस दुखापतीमुळे बुडाला नव्हता. त्याचं कौतुक करायला त्याच दिवशी वरिष्ठ अधिकारी रिगवर आले होते. आणि त्याच संध्याकाळी विहीर नीट बंद झाली आहे का, याची चाचणी चालू होती. विहिरीत उतरवलेल्या ड्रिल पाइपमध्ये दाब शून्य असायला हवा होता. काटा १,४०० पीएसआय दाखवत होता, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ९५ पट. दुसऱ्या एका नळीत शून्य आलं, तेच खरं मानलं गेलं. रात्री स्फोट झाला, ११ कामगार गेले. ती सात वर्षं खोटी नव्हती. पण घसरून पडणं आणि बोटं चेमटणं मोजून विहिरीच्या पोटातला दाब कसा कळणार?

ब्रिटनला हे फार मोठी किंमत मोजून शिकावं लागलं. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या 'पायपर अल्फा' या तेल प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं मेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता. त्याच्या कामाचं परमिट, म्हणजे लेखी परवानगी, वेगळं, पंपाचं वेगळं. दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रपाळीने हा चालू केला. व्हॉल्व्ह जागेवर नाही, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिथून गळालेल्या इंधनाने पेट घेतला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या. त्यानंतर, १९९२ पासून, तिथे समुद्रातल्या वायू-तेल गळतीची वेगळी नोंद सुरू झाली: किती गळलं, भोक केवढं होतं, पेट घेतला की नाही.

आपल्याकडे समुद्रातल्या तेल-वायू कामांच्या सुरक्षिततेचे नियम २००८ साली आले आणि देखरेख तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे गेली. बॉम्बे हायवर आजही पावसाळ्यात जहाजं प्लॅटफॉर्मला लागतात. जहाज किती जवळ आलं होतं, हे शिफ्ट संपताना लिहिणारा माणूस उद्या घाबरट ठरणार नाही, याची खात्री त्याला त्याच्या वरिष्ठानेच द्यायला हवी.