ग्ली

ग्ली : अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर २००९ ते २०१५ या काळात प्रसारित झालेली संगीतप्रधान विनोदी दूरचित्रवाणी मालिका. ओहायो राज्यातील लायमा या शहरात असलेल्या विल्यम मॅकिन्ली हायस्कूल नावाच्या शाळेतील ‘न्यू डायरेक्शन्स’ हे गायनपथक, त्यात गाणारी मुलेमुली आणि त्यांना शिकवणारे स्पॅनिश भाषेचे शिक्षक विल शूस्टर यांच्याभोवती तिचे कथानक फिरते. शहर खरे आहे. शाळा आणि पथक मात्र काल्पनिक. रायन मर्फी, ब्रॅड फाल्चक आणि इयन ब्रेनन या तिघांनी ही मालिका निर्माण केली. तिचा पहिला भाग १९ मे २००९ रोजी दाखवण्यात आला, नियमित प्रसारण ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाले आणि सहा पर्वांतील १२१ भागांनंतर २० मार्च २०१५ रोजी ती संपली.

मालिकेच्या नावामागे गायनाची एक जुनी परंपरा आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये तीन किंवा अधिक गायकांनी, बहुधा पुरुषांनी, वाद्यांच्या साथीशिवाय वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांत मिळून गायच्या गीताला ‘ग्ली’ म्हणत. लंडनमध्ये १७८७ साली याच नावाचा क्लब स्थापन झाला. पुढे अमेरिकेतील विद्यापीठांनी हे नाव उचलले. हार्वर्ड विद्यापीठाचा ग्ली क्लब १८५८ सालचा आहे. मालिकेत दिसतो तो प्रकार मात्र या परंपरेचा बराच नंतरचा वंशज आहे. शो क्वायर म्हणजे गाताना बसवलेले नृत्यही करणारे, झगमगीत पोशाखात आणि वाद्यवृंदाच्या साथीने रंगमंचावर येणारे शालेय पथक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रकार अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील शाळांमध्ये रुजला आणि त्याच्या स्पर्धा भरू लागल्या. खऱ्या पथकांत अनेकदा चाळीस-पन्नास विद्यार्थी असतात आणि एकच कार्यक्रम ते महिनोन्‌महिने घोटतात. मालिकेतील डझनभर मुले स्पर्धेच्या आदल्या दिवशी गाणे ठरवतात आणि दुसऱ्या दिवशी ते निर्दोष सादर करतात, ही सवलत कथेने स्वतःसाठी घेतलेली आहे.

कल्पना मुळात ब्रेनन यांची. इलिनॉय राज्यातील माउंट प्रॉस्पेक्ट येथे शिकत असताना ते स्वतः शाळेच्या शो क्वायरमध्ये होते, आणि त्या अनुभवावर त्यांनी २००५ च्या सुमारास एक पटकथा लिहिली. ती चित्रपटासाठी होती. ओळखीतून ती मर्फी यांच्या हाती पडली आणि मर्फी, फाल्चक यांच्या सहभागाने तिची मालिका झाली. मर्फी यांनी त्याआधी शालेय जीवनावरील एक उपहासात्मक मालिका आणि प्लास्टिक सर्जनांच्या जगावरील एक गंभीर मालिका केली होती. बोचरा उपहास आणि उघडी भावुकता एकाच प्रसंगात शेजारी ठेवण्याची ‘ग्ली’ची खोड बऱ्याच अंशी त्यांच्याकडून आलेली आहे.

आरंभीचे कथानक साधे आहे. जुन्या शिक्षकाला काढून टाकल्यामुळे बंद पडू पाहणारे गायनपथक शूस्टर महिना साठ डॉलर स्वतःच्या खिशातून भरून चालवायला घेतात. निवडचाचणीला येतात ती शाळेत कुणाच्या खिजगणतीत नसलेली मुले : रंगभूमीवर नाव काढण्याच्या ध्यासाने पेटलेली रेचल बेरी (ली मिशेल), दमदार आवाजाची मर्सेडीस जोन्स (अँबर रायली), कर्ट हमेल (क्रिस कोल्फर), व्हीलचेअर वापरणारा आर्टी एब्रम्स (केव्हिन मॅकहेल) आणि लाजरी टीना कोहेन-चँग (जेना उश्कोविट्झ). मुख्य पुरुष आवाज हवा म्हणून शूस्टर शाळेच्या फुटबॉल संघाचा नायक फिन हडसन (कोरी माँटीथ) याला पथकात ओढतात, आणि तेही सरळ मार्गाने नव्हे. न्हाणीघरात त्याचे गाणे कानावर पडल्यावर ते त्याच्या कपाटात गांजा सापडल्याचा बनाव रचतात आणि शिक्षेचा धाक घालून त्याला गायला लावतात. आदर्श शिक्षकाची ओळख करून देतानाच त्याच्या हातून असे कृत्य घडवणे हे धाडस होते. पहिल्या पर्वातील काही भागांची गोडी याच अस्वस्थ करणाऱ्या कडेमुळे आहे. पुढे शूस्टर केवळ उपदेशक होऊन बसले, तेव्हा ती गेली.

शाळेतील उतरंड मालिकेने एका कृतीत पकडली आहे. फुटबॉलपटू गायनपथकातील मुलांच्या तोंडावर रंगीत बर्फाच्या थंड पेयाचे पेले फेकतात. हा प्रसंग इतक्या वेळा येतो की पुढे कोणाच्या तोंडावर पेला पडला, यावरूनच त्याचे शाळेतील स्थान कळते. पथकाची खरी वैरीण मात्र चीअरलीडरांची प्रशिक्षक सू सिल्व्हेस्टर आहे. कायम ट्रॅकसूटमध्ये वावरणारी, कर्णा घेऊन मुलींवर ओरडणारी आणि गायनपथक बुडवण्यासाठी कोणत्याही थराला जाणारी ही बाई जेन लिंच यांनी अशी उभी केली की पुष्कळांच्या लेखी तीच मालिकेचा चेहरा ठरली. डाउन सिंड्रोम असलेली आपली थोरली बहीण जीन हिच्याशी सू ज्या मायेने वागते, त्या मोजक्या दृश्यांमुळे हे पात्र व्यंगचित्र होण्यापासून वाचते. मुख्याध्यापक फिगिन्स यांची भूमिका कराचीत जन्मलेले अभिनेते इक्बाल थेबा यांनी केली. चीअरलीडरांपैकी सँटाना (नाया रिव्हेरा) आणि ब्रिटनी (हेदर मॉरिस) या सुरुवातीला जवळजवळ संवादाविना वावरणाऱ्या दोघी दुसऱ्या पर्वात मध्यवर्ती झाल्या.

‘ग्ली’चे वेगळेपण तिच्या गाण्यांच्या वापरात आहे आणि तिचे मोलही तिथेच ठरते. मराठी संगीत नाटकात पद त्या नाटकासाठी, त्या पात्रासाठी रचलेले असते. येथे जवळजवळ प्रत्येक गाणे प्रेक्षकाने आधीच ऐकलेले असते : रेडिओवरचे, ब्रॉडवे या न्यूयॉर्कमधील नाट्यक्षेत्राच्या रंगमंचावरचे किंवा आईवडिलांच्या तरुणपणातले. म्हणून गाण्याचा अर्थ शब्दांपेक्षा, ते कोण गाते आणि कोणत्या क्षणी गाते यावर ठरतो. याचे सर्वांत लख्ख उदाहरण ऑक्टोबर २०१० मधील एका भागात सापडते. कर्टच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन ते बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पडले आहेत आणि कर्ट बीटल्स या गटाचे ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’ हे १९६३ सालचे गाणे गातो. मूळ गाणे उडत्या चालीचे, प्रियकराचे प्रेयसीला उद्देशून असलेले. कर्ट ते संथ लयीत गातो, लहानपणी वडिलांचा हात धरून चालल्याच्या आठवणी पडद्यावर येतात आणि एक शब्दही न बदलता ते मुलाने बापासाठी म्हटलेले आर्जव होते. हे जमले तेव्हा मालिका तिच्या सर्वोच्च बिंदूवर होती. केवळ लोकप्रिय गाणे घ्यायचे म्हणून घेतले, तेव्हा तेच तंत्र पोकळ वाजले.

काही भाग एकाच कलावंताच्या गाण्यांवर बेतलेले होते. मडोना यांच्या गाण्यांवरील भाग एप्रिल २०१० मध्ये आणि ब्रिटनी स्पिअर्स यांच्या गाण्यांवरील भाग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. अशा भागांत कथानकाला गाण्यांच्या मागे फरफटत जावे लागे. मडोना यांच्यावरील भागाने मुलामुलींमधील बरोबरीचा प्रश्न मध्यभागी ठेवला म्हणून तो तग धरतो. पुढच्या कित्येक भागांना असा आधार नव्हता.

गाण्यांची निर्मिती कारखान्याच्या शिस्तीने चाले. कोणती गाणी घ्यायची याचा निर्णय प्रामुख्याने मर्फी घेत, त्यानंतर हक्क मिळवले जात आणि अॅडम अँडर्स व पेअर ओस्ट्रम हे संगीत-निर्माते नवी मांडणी तयार करत. कलाकार आधी ध्वनिमुद्रण करत, नृत्यदिग्दर्शक झॅक वुडली यांच्याकडे नृत्य शिकत आणि चित्रीकरणाच्या वेळी वाजणाऱ्या ध्वनिफितीबरोबर ओठ हलवत. संवादांचे चित्रीकरण, पुढच्या भागाचे ध्वनिमुद्रण आणि त्यापुढच्या नृत्याची तालीम ही कामे एकाच आठवड्यात एकमेकांवर येऊन आदळत. दोन दृश्यांच्या मधल्या जागी वाद्यांऐवजी मानवी आवाजांचे छोटे तुकडे वापरलेले आहेत. गायनपथकावरील मालिकेत पार्श्वसंगीतही कंठातूनच यावे, हा विचार फार नेमका आहे आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते. याउलट आवाज यंत्राने सुरात बसवून इतके गुळगुळीत केले जात की ली मिशेल किंवा अँबर रायली यांच्यासारख्या मुळातच कसलेल्या गळ्यांचा पोतही हरवे, हा आक्षेप पहिल्या पर्वापासून घेतला गेला आणि तो रास्त होता.

प्रत्येक भागातील गाणी प्रसारणाच्या आसपासच डिजिटल स्वरूपात विकत मिळत. पहिल्या भागाच्या शेवटी गायलेले जर्नी या रॉक गटाचे १९८१ सालचे ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’’ हे गाणे ‘बिलबोर्ड हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकी यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले, आणि मूळ गाण्यालाही नवे श्रोते लाभले. त्या यादीत आलेल्या गाण्यांच्या संख्येत मालिकेच्या कलाकारसंचाने ऑक्टोबर २०१० मध्ये बीटल्सना आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एल्विस प्रेस्ली यांना मागे टाकले. अखेरीस ही संख्या २०७ झाली. तो विक्रम २०२० मध्ये ड्रेक या रॅप गायकाने मोडला. यातील बहुतेक गाणी यादीत जेमतेम टिकत, त्यामुळे बीटल्सशी तुलना संख्येपुरतीच खरी आहे. स्वतःसाठी रचलेली गाणी मालिकेने दुसऱ्या पर्वापासून वापरली. कलाकारांचे रंगमंचीय दौरे २०१० व २०११ मध्ये झाले. नव्या कलाकारांच्या शोधासाठी एक स्वतंत्र स्पर्धात्मक कार्यक्रमही काढण्यात आला. त्यातून आलेल्या अॅलेक्स न्यूवेल यांनी युनिक ही पारलिंगी विद्यार्थिनी साकारली.

कर्ट हे पात्र मूळ आराखड्यात नव्हते. दुसऱ्या भूमिकेसाठी चाचणी द्यायला आलेल्या क्रिस कोल्फर यांना पाहून मर्फी यांनी ते त्यांच्यासाठी लिहिले. समलिंगी किशोराला केवळ विनोदाचे निमित्त न करता नायकाच्या तोलाचे स्थान देणे, त्याचा छळ, शाळा बदलणे, डाल्टन अकादमीतील ब्लेन (डॅरेन क्रिस) याच्याशी जुळलेले नाते आणि पुढचा विवाह हे सारे सायंकाळी घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या मालिकेत अनेक वर्षे उलगडत नेणे, ही तिची सर्वांत टिकाऊ कामगिरी आहे. त्यातही कर्टचे वडील बर्ट (माइक ओमॅली) हे पात्र विशेष आहे. मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवणारा, खेळांत रमणारा हा माणूस मुलाने धीर करून सत्य सांगितल्यावर, हे आपल्याला तो तीन वर्षांचा असल्यापासून ठाऊक होते असे सांगून त्याला जवळ घेतो. अनेक तरुण प्रेक्षकांना हवा असलेला बाप त्यांना येथे दिसला. हेच औदार्य सर्वत्र नव्हते. आर्टीची भूमिका अपंग नसलेल्या अभिनेत्याला दिल्याबद्दल अपंगांच्या चळवळीतून टीका झाली, आशियाई आणि कृष्णवर्णीय पात्रे दीर्घकाळ रेचल-फिन यांच्या मागच्या रांगेत उभी राहिली, आणि मर्सेडीसने केलेली तक्रार कथेत येऊनही फारशी सोडवली गेली नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या बेकी जॅक्सनच्या भूमिकेत मात्र ती अवस्था प्रत्यक्ष जगणाऱ्या लॉरेन पॉटर होत्या.

लोकप्रियतेचे शिखर ६ फेब्रुवारी २०११ रोजी आले. अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्यानंतर लगेच दाखवलेला भाग सुमारे २ कोटी ६८ लाख प्रेक्षकांनी पाहिला. मालिकेला सर्वोत्कृष्ट विनोदी किंवा संगीतमय मालिकेचा गोल्डन ग्लोब पुरस्कार २०१० आणि २०११ असा सलग दोनदा मिळाला. लिंच यांना अभिनयासाठी आणि मर्फी यांना पहिल्या भागाच्या दिग्दर्शनासाठी २०१० चे एमी पुरस्कार मिळाले, तर कोल्फर २०११ मध्ये गोल्डन ग्लोबचे मानकरी ठरले. पीबडी पुरस्कारही पहिल्या वर्षीच लाभला.

तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस पथक शिकागो येथील राष्ट्रीय स्पर्धा जिंकते आणि मुख्य पात्रे शाळेतून बाहेर पडतात. शाळेवरील प्रत्येक मालिकेला ही अडचण येतेच. ‘ग्ली’ने न्यूयॉर्कमधील रेचल व कर्ट आणि लायमातील नवी मुले असे दोन प्रवाह समांतर चालवून पाहिले. नव्या मुलांना जुन्यांचे साचे वाट्याला आले आणि प्रेक्षक घटत गेले.

कोरी माँटीथ यांचा १३ जुलै २०१३ रोजी व्हँकुव्हर येथे, वयाच्या ३१ व्या वर्षी अमली पदार्थ व मद्याच्या एकत्रित परिणामाने मृत्यू झाला. १० ऑक्टोबर २०१३ रोजी प्रसारित झालेल्या भागात फिनचाही मृत्यू झाल्याचे दाखवण्यात आले, पण त्याचे कारण सांगितले गेले नाही. तो कसा मेला यापेक्षा कसा जगला हेच आपल्याला महत्त्वाचे वाटते, असे कर्ट सुरुवातीलाच म्हणतो. कलाकारांचा शोक आणि पात्रांचा शोक त्या भागात वेगळा करता येत नाही. फिनची आई, सकाळी जाग आल्यावर क्षणभर विसर पडतो आणि मग सारे पुन्हा पहिल्यापासून आठवते, असे सांगत कोसळते. संपूर्ण मालिकेत याइतके सच्चे लेखन थोडेच आहे. सँटानाच्या भूमिकेतील नाया रिव्हेरा यांचे जुलै २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील पिरू सरोवरात बुडून निधन झाले.

तेरा भागांच्या अखेरच्या पर्वात रेचल लायमाला परतून पथक पुन्हा उभे करते, आणि शेवटच्या भागात शाळेच्या नाट्यगृहाला फिन हडसनचे नाव दिले जाते. ‘फनी गर्ल’ या संगीत नाटकातील ज्या फॅनी ब्राइसच्या भूमिकेचे स्वप्न रेचल शाळेपासून पाहत होती आणि जी कथेत तिला पाचव्या पर्वात मिळाली, ती भूमिका ली मिशेल यांनी सप्टेंबर २०२२ पासून ब्रॉडवेवर प्रत्यक्ष केली. अॅलेक्स न्यूवेल यांना २०२३ मध्ये आणि डॅरेन क्रिस यांना २०२५ मध्ये संगीत नाटकांतील अभिनयासाठी टोनी पुरस्कार मिळाले.