डिस्कला काही झालेलं नसतं

मामेबहीण अमेरिकेहून आली तेव्हा मुलांसाठी तिकडची एक डीव्हीडी घेऊन आली होती. घरच्या संगणकात घातली, तर चित्र दिसायच्या ऐवजी ‘विभाग बदला’ असा निरोप आला आणि त्याखाली ‘अजून ४ वेळा बदलता येईल’. आम्ही डिस्क मऊ फडक्याने पुसली, पुन्हा घातली. शेवटी ड्राइव्ह बदलून घेतला. नव्या ड्राइव्हनेही तेच विचारलं. बिघाड नव्हताच, कुलूप होतं.

त्याआधी आपण व्हीसीडीवर वाढलो. १९९३ साली आलेल्या त्या तबकडीत ना सांकेतिक कुलूप होतं ना विभाग, म्हणून नाटकांच्या व्हीसीडी कुठल्याही संगणकात चालायच्या. डीव्हीडी १९९६च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आली तेव्हा मात्र निर्मात्यांना हुबेहूब नकला निघण्याची धास्ती होती. म्हणून दोन अडसर घातले गेले. एक सीएसएस, म्हणजे ४० बिटच्या किल्लीचं कुलूप. ते उघडायची किल्ली फक्त परवाना घेतलेल्या प्लेअरला मिळायची. दुसरा विभागाचा, म्हणजे डिस्क ज्या विभागाची त्याच विभागाच्या प्लेअरवर चालणार: अमेरिका १, युरोप आणि जपान २, भारत ५. सन २००० पासूनच्या ड्राइव्हमध्ये बदलांची मोजणी ड्राइव्हच्याच आत ठेवली जाऊ लागली. पाच बदल संपले की शेवटचा विभाग कायमचा. विंडोज नव्याने टाकून ही मोजणी शून्यावर येत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे किती जणांनी फुकट फॉरमॅट मारले असतील!

विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली वापरणाऱ्यांची अडचण याहून मोठी होती, कारण त्यांच्यासाठी परवान्याचा प्लेअर सहजासहजी मिळतच नव्हता. १९९९च्या ऑक्टोबरात सीएसएसचं कुलूप उघडणारा डीसीएसएस हा छोटा प्रोग्रॅम बाहेर आला आणि त्यापायी नॉर्वेतल्या, तेव्हा १५ वर्षांच्या असलेल्या योन योहानसेनवर पुढे खटला भरला गेला. २००३ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, अपिलातही तोच निकाल लागला. विकत घेतलेली डिस्क आपल्या संगणकावर पाहण्याचा हक्क न्यायालयाने मानला, आणि मला तो निकाल आजही फार मोलाचा वाटतो. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलेला व्हीएलसी हा प्लेअर आज आपण सर्रास वापरतो. त्याच्या जोडीची लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी परवान्याची किल्ली न मागता ती हिशेबाने शोधून काढते. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ कलम आलं. त्यात हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणं गुन्हा ठरतं. ‘हेतूने’ हा शब्द वाचताना सोडू नये.

त्याच वर्षी आलेल्या विंडोज ८ मधून डीव्हीडी चालवण्याची मूळ सोयच गेली. त्यामुळे संगणक बदलल्यावर डिस्क चालेना, तर आधी दुसरा प्लेअर टाकून पाहावा. एचडीएमआयने टीव्ही जोडल्यावर चित्र काळं पडलं, तर एचडीसीपीची, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या चित्रावरच्या कुलपाची शंका घ्यावी: संगणक आणि टीव्ही यांपैकी एक जरी ते मानत नसेल तरी संरक्षित चित्र अडतं.

सगळ्यात वाईट गत फोर-के ब्लू-रेची. संगणकावर ती अधिकृतपणे चालायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षित कप्प्याची सोय लागायची. २०२१ मध्ये आलेल्या ११व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपासून इंटेलने ती काढून टाकली. जुन्या संगणकावर चालणारी डिस्क नव्या, महागड्या संगणकावर चालत नाही, आणि ज्यांच्याकडे अशा डिस्कचा संग्रह आहे त्यांना जुनं मशीन जपून ठेवावं लागतं.