चुंबक चिकटलं म्हणून सुरी खोटी ठरत नाही

परवा ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात उभा होतो. शेजारच्या काकूंनी पिशवीतून फ्रिजवर लावायचं चुंबक काढलं आणि सुरीच्या पात्याला लावलं. टचकन चिकटलं. ''हे लोखंड आहे हो, स्टील नव्हे,'' म्हणत त्यांनी सुरी परत ठेवली. दुकानदारही काही बोलला नाही. मला हळहळ वाटली, कारण चुंबकाने त्या सुरीविरुद्ध काहीच सिद्ध केलं नव्हतं. सुरीच्या स्टीलला चुंबक चिकटायलाच हवं!

आपले चांगले डबे, ताटं ३०४ नावाच्या स्टीलची असतात. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. त्याला चुंबक सहसा चिकटत नाही, ते दाबून हवा तो आकार देता येतो. पण कितीही तापवून थंड करा, ते कडक होत नाही. त्याची सुरी केली तर धार चार दिवसांत जाईल. सुऱ्या, कात्र्या, शस्त्रक्रियेची हत्यारं यांसाठी ४२० सारखं स्टील लागतं. त्यात १२ ते १४ टक्के क्रोमियम, ०.१५ टक्क्यांहून जास्त कार्बन, निकेल जवळपास नाहीच. क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतं आणि गंज रोखतं. धार मात्र कार्बनची करामत.

ही करामत भट्टीत घडते, आणि मला तिचं कौतुक संपत नाही. पातं सुमारे १००० अंश सेल्सिअसला तापवतात. तेव्हा लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांत आणि सहा बाजूंच्या मधोमध बसलेले असतात. ही रचना म्हणजे ऑस्टेनाइट. ती दाटीची, पण तिच्यातली मोकळी जागा मोजक्या, ऐसपैस पोकळ्यांत असते. थंड लोखंडात अणू कोपऱ्यांत आणि एक घनाच्या पोटात. इथे एकूण रिकामी जागा जास्त, पण बारक्या फटींत विखुरलेली. दोन मोठ्या फडताळांऐवजी वीस चिंचोळे कोनाडे मिळावेत तसं. म्हणून साधं लोखंड तापलेलं असताना २ टक्क्यांपर्यंत कार्बन पोटात घेतं, आणि थंड झाल्यावर त्यात ०.०२ टक्केही मावत नाही.

सावकाश थंड केलं तर कार्बन बाहेर पडून क्रोमियमशी जोडला जातो, कार्बाइडचे कण बनतात आणि पातं मऊ राहतं. झटकन थंड केलं तर कार्बनला हलायला वेळच मिळत नाही. लोखंडाचे अणू मात्र जागा बदलतात, एकेकटे नव्हे तर कवायतीतल्या रांगेसारखे सगळे एकदम, दोन अणूंमधल्या अंतराहूनही कमी सरकून. या बदलाचा वेग पोलादातल्या ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ शकतो. ठाणे स्टेशनात एसी लोकलचे दरवाजे बंद झाले की उतरायचा राहिलेला प्रवासी जसा आतच राहतो, तसा कार्बन अडकतो. तो दोन लोखंडी अणूंच्या मध्ये घुसून त्यांना दूर ढकलतो, त्यामुळे घन एका दिशेने ताणून किंचित उभट होतो. हा उभट साचा म्हणजे मार्टेन्साइट. नाव अडोल्फ मार्टेन्स (१८५०–१९१४) या जर्मन धातुशास्त्रज्ञावरून. धातू वाकतो तो अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात म्हणून. या ताणलेल्या साच्यात ती घसरण जागोजागी अडते. हाच कडकपणा. आणि ही रचना चुंबकीय असते. डब्याच्या ३०४ मध्ये मात्र निकेलमुळे थंड झाल्यावरही ऑस्टेनाइटच टिकून राहतं, आणि ते चुंबकीय नसतं.

वागळे इस्टेटमधल्या एका हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये मी हे हाताने अनुभवलं. भट्टीत जाण्याआधी पात्यावर कानस खर्रकन चालली, कीस निघाला. हार्डनिंगनंतर तीच कानस काचेवरून जावी तशी घसरली. लोहार विळ्याला 'पाणी देतो', तसं इथे पाणी लागत नाही. क्रोमियममुळे कार्बन इतका मंदावतो की तेल, कधी नुसती हवाही पुरते. पण असं पातं काचेसारखंच ठिसूळ असतं, म्हणून ते १५० ते २०० अंशांना पुन्हा तापवतात. याला टेम्परिंग म्हणतात.

त्याहून फार जास्त तापलं तर घात होतो. माझी एक सुरी धार लावायला दिली होती, ती कोरड्या ग्राइंडरवर निळी पडून परत आली. कडेचा कार्बन सुटला, क्रोमियमला घेऊन कार्बाइडमध्ये गेला. धार दोन दिवसांत गेली आणि नेमके तिथेच गंजाचे ठिपके आले.

इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली हा धातुशास्त्रज्ञ बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबवायला स्टील शोधत होता. १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बनचं त्याचं मिश्रण लिंबाच्या रसाला आणि व्हिनेगरला दाद देईना, आणि त्याला सुऱ्या सुचल्या. कैरी चिरली की आपली जुनी विळी काळी पडते, हे आठवलं की त्याचा आनंद समजतो.

'सर्जिकल स्टील' या शिक्क्यावर जास्त पैसे मोजू नका. ते कुठल्याही एका स्टीलचं नाव नाही. कानातल्यांवर तो शिक्का असला तर ते बहुधा ३१६ एल नावाचं स्टील असतं, शल्यविशारदाची कात्री ४२० ची. आणि चुंबकाने डब्याचा दर्जाही कळत नाही, कारण कमी निकेलच्या स्वस्त २०२ लाही ते सहसा चिकटत नाही.

चुंबक हाताशी असेलच तर घरातल्या खोल स्टीलच्या डब्यावर फिरवून बघा. तळाच्या मध्यावर ते सुटून पडेल. पण तळ जिथे वळून भिंत होते त्या कडेला बऱ्याचदा हलकी ओढ जाणवते. साच्यात दाबताना तिथलं स्टील सर्वांत जास्त ताणलं गेलं, आणि भट्टीविनाच त्यातलं थोडं ऑस्टेनाइट मार्टेन्साइट झालं.