बर्डीची मेट्रो आणि श्रीखंडे यांचा ग्राफ

बर्डीला मेट्रो बदलणाऱ्या नागपूरकराने एक ग्राफ रोज पायाखाली घातलेला असतो. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही नारिंगी मार्गिका, लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर ही ॲक्वा. दोघींची गाठ फक्त सीताबर्डीला. स्थानकं हे बिंदू, लगतच्या दोन स्थानकांना जोडणारी ती कड. रूळ कुठे वळतो, किती लांब आहे, याची इथे फिकीर नाही. (शाळेतल्या आलेखकागदाशीही याचा संबंध नाही.)

हा ग्राफ 'वृक्ष' जातीचा. सगळं जोडलेलं, पण गोल फिरून परत येण्याची सोय नाही. ओळखायला मोजणी पुरते: ग्राफ सलग असेल आणि कडा बिंदूंपेक्षा बरोबर एकने कमी भरल्या, की तो वृक्षच. एक कड तुटली तर दोन तुकडे. बर्डीच बंद पडली तर चार.

1736 साली गणिती ऑयलरनेही मोजणीच केली होती. केनिग्सबर्ग शहरातले नदीवरचे सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का? इथे जमिनीचे तुकडे हे बिंदू, पूल या कडा. सलग ग्राफात हे जमायला विषम कडा असलेले बिंदू दोन असावेत, नाहीतर एकही नसावा. तिथे चार निघाले. आपल्या मेट्रोचीही तीच गत, चार टोकांमुळे.

मोजणी फसते ती 'नियमित' ग्राफांत, जिथे प्रत्येक बिंदूला सारख्याच कडा असतात. आणि इथे नागपूरचा माणूस भेटतो. इथल्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले गणिती शरच्चंद्र श्रीखंडे. 1959 मध्ये बोस आणि पार्कर या गणितज्ञांसह त्यांनी लॅटिन चौरसांबद्दलचा (प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच येतं असे चौरस) ऑयलरचाच एक जुना तर्क खोटा पाडला. मला मात्र त्यांचं त्याच वर्षीचं दुसरं काम जास्त आवडतं.

बुद्धिबळाचा 4 × 4 घरांचा पट घ्या. हत्ती एका चालीत जिथे पोचतो, ती घरं एकमेकांना जोडा. 16 बिंदू, प्रत्येकाला 6 शेजारी. आणि कुठलीही दोन घरं घ्या, जोडलेली असोत वा नसोत, त्यांचे सामाईक शेजारी 2. पट याहून लहान-मोठा असता, तर असल्या आकड्यांवरून हत्तीचा ग्राफ बिनचूक ओळखता आला असता. फक्त 4 × 4 ला एक तोतया आहे, तोच श्रीखंडे यांचा ग्राफ. पटाच्या समोरासमोरच्या बाजू एकमेकींना चिकटवायच्या आणि प्रत्येक घर वर-खाली, डावी-उजवीकडे नि एकाच तिरप्या दिशेला दोन्हीकडे जोडायचं. पुन्हा तेच 16, 6, 2, 2.

मग फरक कशात? शेजाऱ्यांच्या आपसातल्या संबंधांत. हत्तीच्या ग्राफात सहा शेजारी तीन-तीनच्या दोन टोळक्यांत वाटले जातात, आडव्या ओळीतले आणि उभ्या ओळीतले, आणि ही टोळकी एकमेकांशी बोलतही नाहीत. श्रीखंडे यांच्या ग्राफात तेच सहा जण एकमेकांचे हात धरून एक षटकोनी फेर धरतात.